माझ्या माणसाच्या चपला

आमच्या पाड्यात लग्न ठरलं की लग्नघराची एक भिंत सारवून गेरूने लाल करून ठेवतात. तिच्यावर सवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात. चौकाच्या आत काय असायचं ते ठरलेलं असतं. बाहेरच्या जागेत मात्र जो येईल तो काहीतरी काढून जातो. कोणी ताड काढतो, कोणी कोंबडी, कोणी आगगाडी. माझ्या मामाच्या लग्नात एकाने मोबाईलचा टॉवर काढला होता. त्याला कोणी अडवलं नाही. दुसऱ्याने काढलेलं पुसायचं नाही, एवढं आम्हाला लहानपणापासून माहीत असतं. पुसलं तर त्या माणसाला पंगतीतून उठवल्यासारखं होतं.

हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथे असावं असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

दोन हजार अठरा साल. मी डहाणूच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होतो, विषय कॉम्प्युटर. घर तलासरी तालुक्यात, उधव्याच्या बाजूला. राहायला डहाणूत सरकारी वसतिगृह, आणि शनिवार-रविवारी घरी. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. पोरगा काय शिकतो असं कोणी विचारलं की बा म्हणायचा, "कंप्युटरचं." त्याच्यापुढे त्याला काही सांगता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. आम्ही गेम करायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा घरी दाखवता येईल असं काहीतरी माझ्या हाती आलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी प्रोजेक्टमधली पार्टनर. तिचे वडील रेल्वेत, घर स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. ती मागची चित्रं आणि आवाज बघणार होती, मी माणूस. गेम साधा होता. डोंगराच्या बाजूचा एक माणूस घरातून निघतो आणि संध्याकाळच्या आत समुद्रापर्यंत पोचतो. वाटेत ओढे, काटे, कुत्री.

मामा वापीला एका कंपनीत आहे. तिथे टाकून दिलेला एक लॅपटॉप त्याने मला आणून दिला होता. वायर काढली की तो बंद पडायचा. एका रविवारी मी तो आमच्या ओटीवर ठेवला आणि माणूस चालवून दाखवला. स्क्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एवढंच. पण आजूबाजूची पाच-सहा घरं गोळा झाली होती.

"हा नुसताच चालतो?" काका म्हणाला. "ताडावर चढत नाय?"

"चढेल ना काका. तसं करता येतं."

"मग कोयता दे त्याला. कोयत्याशिवाय वर जाऊन काय वारा खाणार?"

सगळे हसले. आय मात्र हसली नाही. ती स्क्रीनकडे टक लावून बघत होती. "कवापासून चालतोय तो," ती म्हणाली. "जेवला का?"

"अगं, तो खोटा आहे."

"असंना. बसव त्याला. जेवू दे, मग जाऊ दे कठं जायचं ते."

आमच्या शेजारची काकी मागे उभी होती. ती नात्यातली नाही, पण तिच्याच घरी माझं अर्धं लहानपण गेलं. तिच्या उंबऱ्याबाहेर चपला नेहमी ओळीत लावलेल्या असतात, आणि पाहुण्यांनी वेड्यावाकड्या काढल्या तर ती स्वतः वाकून सरळ करते. आपण मोठी होईपर्यंत अनवाणी होतो, पहिल्या चपला लग्नात मिळाल्या, हे तिने मला कितीदा तरी सांगितलं होतं. ती पुढे झाली. "पायात काय हाय याच्या?"

"काही नाही अजून."

"चपला घाल. आणि घरात शिरला की काढू दे. ज्याच्या पायात असतात त्यालाच काढता येतात."

मी हो म्हटलं.

बा त्या दिवशी मागे उभा राहून नुसता बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस.टी.साठी निघालो, तेव्हा तो कुंपणाच्या काठ्या सारख्या करत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "डोक्यावर क्रेट देता येईल का त्याच्या?"

बा घोलवडच्या एका चिकूवाडीत कामाला होता. झाडाखाली भरलेले प्लास्टिकचे क्रेट डोक्यावर घेऊन पॅकिंगच्या शेडपर्यंत न्यायचे, टेम्पोत चढवायचे, हे त्याचं काम. त्याने माझ्याकडे स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

"देता येईल," मी म्हणालो.

वाडीत जाऊन त्याने सगळ्यांना सांगितलं, की आपण आता कंप्युटरात आहोत, क्रेटसकट. हे मला पुढे कळलं.

इथे घरची बोली मी जरा सोपी करून लिहितोय. आम्ही घरी बोलतो ते अजून वेगळं आहे. म्हणजे इथेही थोडं काढून टाकतोच आहे, हे लिहिताना लक्षात आलं.

भिंतीवर कोंबडी काढली म्हणून टॉवरला काही होत नाही. दोघं आपापल्या जागी राहतात. मला वाटलं होतं, माणसाचंही तसंच असेल. कोणी ताड दिला, कोणी कोयता दिला, कोणी जेवण. आपण एकेक लिहीत जायचं. पण कोडमध्ये प्रत्येक नवी गोष्ट आधीच्या सगळ्या गोष्टींच्या दारात जाऊन उभी राहते. माणूस चढत असेल तर क्रेटचं काय? क्रेट डोक्यावर असेल तर जेवायला बसणार कसा? बसला तर कमरेचा कोयता कुठे जातो? चपला काढलेल्या असताना कुत्रं मागे लागलं तर चपला घालून पळायचं की सोडून? एकेका प्रश्नासाठी मी एकेक 'असं असेल तर' लिहीत गेलो. मग त्याच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं. सुरुवातीला एक नवी गोष्ट दुपारभरात व्हायची. पुढे पुढे आठवडा जाऊ लागला, आणि आठवड्याच्या शेवटी आधीची एखादी मोडलेली असायची.

मी दर रविवारी घरी जायचो आणि कोणीतरी नवीन काही सांगायचं. मी हो म्हणायचो. नाही कसं म्हणतात ते मला खरंच माहीत नव्हतं. काका एकदा म्हणाला, "तुझ्या माणसाला पानाची पिचकारी मारू दे," तेव्हाही मी मान हलवली. तो थट्टा करत होता हे मला वसतिगृहात परत आल्यावर कळलं. तोपर्यंत मी थोडं लिहिलंसुद्धा होतं.

पार्टनरने एकदा लॅबच्या फळ्यावर माझ्या माणसाच्या सगळ्या अवस्था गोल काढून लिहिल्या. चालतो, चढतो, बसतो, खातो, उचलतो, ठेवतो, काढतो, घालतो. मग कशातून कशात जातो त्याचे बाण काढत गेली. बाण संपेनात. शेवटी खडू खाली ठेवून मागे सरकली.

"हे काय आहे? बोंबील वाळत घातलेत?"

"होईल ते," मी म्हणालो.

"अरे, किती कामं करायला लावशील त्याला? माणूस आहे की ग्रामपंचायत?"

मी हसलो. तिला सांगावंसं वाटलं, की हा बाण काकीचा आहे, तो माझ्या बाचा. पण तोंड उघडलं नाही. रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या मुलीला हे कसं सांगायचं? ती म्हणाली असती, मग काय झालं, काढून टाक. तिचं बरोबरच असतं. तिला मुंबईला एम.एस्सी.ला जायचं होतं. एप्रिलमध्ये बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर गेम चालला नाही तर दोघंही नापास, आणि तिचंही वर्ष जाणार. हे ती एकदाच बोलली, तेही हळू आवाजात. त्यामुळे ते जास्त लागलं.

मार्चमध्ये सरांनी वर्गासमोर एक चाचणी घेतली. माझा माणूस घरातून निघाला, क्रेट घेऊन चालला, ताडापाशी आला. मी चढायची कळ दाबली. तो चढला. अर्ध्यात पोचल्यावर त्याला भूक लागली. आयच्या सांगण्यावरून मी ती घातली होती. तो हवेतच मांडी घालून बसला. बसला म्हणजे घरात आहे असं कुठलीशी ओळ समजली, म्हणून त्याने चपला काढल्या. चपला ताडाच्या बाजूला हवेत ओळीने उभ्या राहिल्या, अगदी सरळ. क्रेट डोक्यावरून सुटून वर वर गेला आणि स्क्रीनबाहेर निघून गेला. माणूस शांतपणे जेवत राहिला.

वर्ग एवढा हसला की शेजारच्या लॅबमधले बघायला आले. पार्टनरही आधी हसली, मग थांबली. सर म्हणाले, "बाळा, मला चालणारा माणूस दाखव. चालणारा म्हणजे न पडणारा. बाकी काही नको."

मीही हसायला पाहिजे होतं. मजेशीरच होतं ते. पण मला दिसत होतं ते वेगळंच. आय, बा, काका, काकी, माझं सगळं घरच तिथे अधांतरी लटकलेलं होतं, आणि वर्ग त्यांना हसत होता. मी वायर ओढली, तसा लॅपटॉप बंद पडला.

त्यानंतर मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. कोडची फाईल उघडायची. एक ओळ वाचायची, खाली जायचं, परत वर यायचं, तीच ओळ. एखादा साधा कंसही कुठे बंद होतो ते दिसेनासं व्हायचं. अंगात ताप नाही, खोकला नाही. सकाळी उठलो की हात जड, जसं कोणी मनगटाला धरून ठेवलंय. वसतिगृहातली मुलं म्हणाली, झोप काढ. मी झोपायचो. उठल्यावर तसंच.

त्या आठवड्यात घरी गेलो. बा वाडीतून आला होता. मानेवर टॉवेल, खांद्यावर क्रेटच्या कडेचा लाल वळ. माझ्याकडे बघून म्हणाला, "चेहरा का उतरलाय? दमलास का?"

मला हो म्हणता आलं नाही. आमच्या घरात दमणं ही एक ठरावीक गोष्ट आहे. ते अंगावर दिसतं. तळव्यावर, खांद्यावर, पावलांवर. मी पंख्याखाली खुर्चीत बसून असतो. बसून बसून कोणी दमतं का? बासमोर बसून मी दमलो असं म्हणायचं, म्हणजे त्याचाच शब्द चोरून वापरल्यासारखं वाटलं.

"नाही बा. ऊन लागलं."

"उन्हात कठं गेलतास? तू तर वर्गात असतोस," आय आतून म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी कॉलेजात जाईनासा झालो. वसतिगृहातून वेळेवर निघायचो, बॅग खांद्यावर, आणि बोर्डीकडे जाणाऱ्या टमटममध्ये बसून चिखल्याला उतरायचो. तिथे किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. त्यांच्या सावलीत बसायचो. समुद्र ओहोटीला खूप आत जातो तिथे, चिखलच चिखल उरतो. काही करायचो नाही. पार्टनरचा फोन आला की फोनकडे बघत राहायचो, बंद होईपर्यंत.

चिखले हे डहाणू आणि घोलवडच्या मध्ये आहे. चिकूचे टेम्पो त्याच रस्त्याने जातात. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, यावरून माझी अवस्था कळावी. एका दुपारी मी पाणी प्यायला रस्त्यापर्यंत आलो आणि एक टेम्पो माझ्यासमोर थांबला. वर क्रेटांच्या थप्पीवर वाडीतली माणसं बसली होती. त्यांत बा होता.

"काय रे," एकजण वरून ओरडला, "आता कॉलेज समुद्रात भरतं काय?"

"मासे शिकवतात त्याला," दुसरा म्हणाला.

टेम्पोवाला उंबरगावकडचा, गुजराती होता. त्याने खिडकीतून डोकं काढलं. "शुं थयुं भाई? पोरगीची वाट बघे छे?"

सगळे खदखदले. बा हसला नाही, रागावलाही नाही. तो क्रेटांवर जरा सरकला आणि बाजूच्या जागेवर हाताने थोपटलं. मी चढलो.

टेम्पो डहाणू स्टेशनकडे चालला होता. बाकीचे परत आपसांत बोलायला लागले. मग बा हळूच म्हणाला, "नापास झालास का?"

"नाही. अजून परीक्षा व्हायचीय."

"मग?"

चिकूच्या चिकाचा वास येत होता. मी क्रेटच्या भोकांत बोटं घालून बसलो होतो. तसंच बसून सांगितलं. की तो माणूस चालत नाही. सगळ्यांनी सांगितलेलं मी घातलं, आणि आता एक धरलं की दुसरं सुटतं. मला ती फाईल उघडवत नाही. आणि मी दमलोय. तो शब्द मी म्हटला. म्हणताना मान खाली होती, म्हणून बाचा चेहरा दिसला नाही. त्याच्या पायाचे अंगठे दिसत होते.

मग त्याने विचारलं, "क्रेट जड होतो का त्याला?"

"तसं नाही बा. वजन नसतं त्यात."

"पण क्रेटपायी त्याला चढता येत नाय."

"हो. ते आहे."

"मग काढ." तो रस्त्याकडे बघत होता. "माझं पयलं काढ. मग बाकीच्यांला सांगायला तोंड राहील तुला."

वर बसलेला एकजण ऐकत होता. "म्हणजे हा आता कंप्युटरात नाय?" तो म्हणाला, आणि बाच्या पाठीवर थाप मारली. बा कसंनुसं हसला. ते हसू मला अजून सहन होत नाही.

स्टेशनवर उतरलो आणि तिथूनच पार्टनरला फोन केला. ती म्हणाली, "जिवंत आहेस ना? मग लॅबमध्ये ये." लॅबमध्ये गेलो. मी तिला सांगितलं, की मला हे काढता येणार नाही, तू काढ. कारण विचारलं तेव्हा चौकाचं सांगितलं, आणि कुठला बाण कोणाचा तेही. ती ऐकत राहिली.

"हे आधी का नाही बोललास?"

"तू हसली असतीस."

"हसले असते," ती म्हणाली. "मग?"

तिने खुर्ची ओढली आणि मी बाजूला बसून बघत राहिलो. सगळ्यात आधी क्रेट गेला. मग भूक. कोयता तिने कमरेच्या चित्रातच कायमचा चिकटवून टाकला. तो आता निघणार नव्हता, म्हणून काही बिघडवणारही नव्हता. शेवटी चपलांवर आली. काढणं, घालणं, सोडून पळणं, यात सगळ्यात जास्त ओळी गेल्या होत्या.

"घरात शिरतो म्हणून काढतो ना? मग घरच नको. अंगणातून सुरुवात करू. आणि पाय असेच राहू देत, अनवाणी. चालेल?"

मी हो म्हणालो. नाही म्हणता न येण्याची सवय इथेही कामी आली. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. माणूस चालू लागला, चढू लागला, उतरू लागला. पडत नव्हता. मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी गेम स्वतः खेळून बघितला. माणूस अंगणातून निघाला, ओढा ओलांडला, ताडावर चढला, उतरला, समुद्रापाशी पोचला. एकदाही अडकला नाही. पार्टनरने टेबलाखाली मूठ आवळलेली मला दिसली.

"छान," परीक्षक म्हणाले. मग स्क्रीनजवळ वाकून पायांकडे बघितलं. "आणि हे अनवाणी ठेवलंय ते फार छान. त्यामुळे खरं वाटतं. तुम्ही त्याच भागातले ना?"

त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझ्या पायांत बूट होते. परीक्षेसाठी खोलीतल्या मुलाचे मागून घातले होते. तेवढंच सांगायचं होतं, की सर, ते फक्त कोड जमला नाही म्हणून आहे. माझ्या शेजारच्या काकीने त्याला चपला दिल्या होत्या, आणि त्या कशा काढायच्या तेही सांगितलं होतं.

मी म्हणालो, "हो सर."

बाहेर आल्यावर पार्टनर म्हणाली, "झालं रे, सुटलो!" मग माझ्याकडे बघून, "काय झालं?" मी म्हटलं काही नाही. आम्ही दोघंही चांगल्या मार्कांनी पास झालो. ती मुंबईला गेली.

मे महिन्यात चुलतबहिणीचं लग्न होतं. लग्नात गेम दाखवतो असं मी केव्हाच बोलून बसलो होतो. मांडवात टेबलावर लॅपटॉप ठेवला. दुपारचं ऊन इतकं, की स्क्रीनवर काही दिसेना. मग काकाने एक चादर आणली, आणि चार-चारजण चादरीखाली डोकं घालून बघू लागले. आतून आवाज येत होते. "चढला, चढला!" "कोयता हाय बघ." काका खूश होता. आयने पुन्हा विचारलं, खरंच जेवत नाही का? मी म्हटलं, नाही गं, आता भूक लागत नाही त्याला. "बरं हाय की मग," ती म्हणाली, पण तिला ते पटलं नव्हतं.

बा आत आला. माणूस चालताना त्याने दोनदा बघितला. "क्रेट नाय," तो म्हणाला, "पण मान तशीच हाय."

खरंच तशीच होती. क्रेट असताना मी मान ताठ ठेवली होती, आणि क्रेट काढताना ते बदलायचं आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. माझा माणूस डोक्यावर काही नसताना, काहीतरी आहे असं धरून समुद्रापर्यंत चालत होता. बा चादरीतून बाहेर गेला आणि टेम्पोत पाठीवर थाप मारणाऱ्या त्या माणसाला हाताला धरून घेऊन आला. "बघ. मान बघ."

काकी सगळ्यांत शेवटी आली. तिला मी आधीच जाऊन सांगायला हवं होतं. बाकी सगळ्यांना सांगितलं होतं, तिच्या उंबऱ्यापाशी जाऊन मात्र दोनदा परत फिरलो होतो. तिने चादर डोक्यावरून घेतली आणि स्क्रीनजवळ वाकली.

"पाय उघडे हायेत."

"हो काकी. ते चपलांचं जमलं नाही. फार गुंता झाला होता."

"कोयता जमला."

"हो."

मला गप्प राहता आलं असतं. पण मी स्वतःला वाचवायला गेलो. म्हणालो, "परीक्षेच्या साहेबांना आवडलं पण. अनवाणी आहे म्हणून खरं वाटतं म्हणाले."

काकीने चादर बाजूला केली. उन्हात तिचे डोळे बारीक झाले होते. "मग तू काय म्हणालास?"

मी लॅपटॉपची वायर सरळ करू लागलो. मी 'हो सर' म्हणालो असणार, हे तिला कळलं असावं. ती चौकाच्या भिंतीकडे गेली, तिथे पोरींना पीठ कालवून द्यायला बसली, आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बाहेर मांडवाच्या तोंडाशी पाहुण्यांच्या चपलांचा ढीग पडला होता. त्या दिवशी तिने त्या लावल्या नाहीत.

पुढच्या वर्षी, दोन हजार एकोणीसमध्ये, मला थोडंफार काम मिळालं होतं आणि हात परत हलके झाले होते. एका सुट्टीत मी तो जुना गेम उघडला. कंस कुठे बंद होतात ते आता दिसत होतं. पावलाच्या चित्राखाली मी तपकिरी रंगाची एक पट्टी काढली आणि वर दोन बंद. कोयत्यासारखंच, चित्रातच चिकटवलेलं. काढायचं नाही, घालायचं नाही. घरच नव्हतं, तर काढायचा प्रश्नच कुठे होता? गेम चालवला. काहीही मोडलं नाही. चहा गार व्हायच्या आत झालं होतं ते काम. परीक्षेच्या आधीही तेवढ्यातच झालं असतं. आम्ही चपला काढण्याच्या ओळी पुसल्या आणि त्यांच्याबरोबर चपलाच पुसून टाकल्या, आणि मला सुटल्यासारखं वाटलं म्हणून मी दुसऱ्यांदा बघितलंच नाही.

लॅपटॉप घेऊन काकीकडे गेलो. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, ओळीत लावल्या. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिने पदराला हात पुसले आणि बघितलं.

"घातल्यास," ती म्हणाली.

"हो."

"घरात येतो का तो?"

"घर नाहीच त्यात, काकी."

"मग असू देत पायात." तिने माणसाला समुद्रापर्यंत जाऊ दिलं. तो पोचला तेव्हा तिने विचारलं, "त्या साहेबाला दाखवलंस हे?"

"नाही. ते कुठले कोण, मला माहीतही नाही आता."

ती सूप परत मांडीवर घेऊन बसली. एक खडा सापडला, तो तिने दाराबाहेर टाकला.

"मग त्या साहेबाकडं आपण अजून अनवाणीच," ती म्हणाली. आणि मग, मी अजून उभाच आहे हे बघून, "बस. चहा घेऊन जा."